अर्जदाराशी नाते

६ मार्च, गुरुवार

प्रिय पलीकडचीस,

मी खुशाल आहे. तूही खुशाल असशील, असं पुढे लिहायची पद्धत आहे. पण तुझं खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि तू जिना बसून, एकेक पायरी करत उतरतेस, हे कळल्यावर ते वाक्य लिहायला हात धजेना. टाके काढले का? जन्मभर दुसऱ्यांना ‘पाय हलवत राहा’ म्हणून दटावलंस, आता स्वतःवर वेळ आल्यावर हलवतेस का, की व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या पोरीला गोड बोलून परत पाठवतेस? नर्ससारखी वाईट पेशंट जगात नसते, हे तूच मला सांगितलं होतंस.

माझं म्हणशील तर चौथा मजला आता अंगवळणी पडला. लेक पाच मिनिटांवर राहते, रोज संध्याकाळी डोकावते आणि माझा फ्रीज तपासते, जणू मी त्यात कुणाला लपवलंय. दोन खोल्या, एक बाल्कनी, बाल्कनीत कपडे वाळत घालायची घडीची जाळी. चादर वाळत घातली की तिचं एक टोक लोळतं. तुझ्या-माझ्या मधल्या त्या दगडावर आपण चादरी आपटायचो आणि पिळताना एक टोक तू धरायचीस, एक मी. इथे चादर एकटीने पिळावी लागते, आणि ती नीट पिळली जात नाही.

परवा लेकीने विचारलं, तुम्ही दोघी एकमेकींना ‘पलीकडची’ का म्हणायचा? म्हटलं, अगं, कुंपणाच्या कुठल्याही बाजूने बघ, समोर दिसते ती पलीकडचीच. तिला काही फार हसू आलं नाही. इथे माझ्या पलीकडे लिफ्ट आहे.

बरं, ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. गेल्या पंधरवड्यात चष्मेवाल्याचा फोन आला होता. मी घर विकलं तो मुलगा, तुझा आताचा शेजारी. मला वाटलं गच्चीच्या टाकीबद्दल विचारायचं असेल. तो म्हणाला, ‘मावशी, त्या आजी म्हणतायत मागच्या खोलीची साडेतीन फूट जागा त्यांची आहे, आणि तसा एक कागदही झाला होता. झाला होता का?’ मी त्या वेळी गॅसवर दूध ठेवलं होतं. घाईघाईत म्हटलं, ‘कागद? मला नाही बाबा आठवत.’ त्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवलाय आणि तू समोर काठी टेकून उभी आहेस, हे मला कुठे माहीत होतं? ते तुझ्या थोरल्याने नंतर लेकीला सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं म्हणे.

तू मनात काही धरू नकोस. आता वय झालं. हे गेल्यापासून तर माझी विसरभोळ्यांत गणना झाली आहे. तेव्हाचं सगळंच अंधुक झालंय. सासूबाई पडल्या तो मंगळवार होता, अकरा वाजून गेले होते, मी शाळेच्या ऑफिसात सातवीचे दाखले लिहीत होते आणि अडतिसाव्या दाखल्यावर तुझा निरोप आला, एवढं आठवतं. त्यांना जिना चढवणं शक्य नव्हतं म्हणून मागे खोली काढायची ठरली, तीत न्हाणीघर बसेना, साडेतीन फूट कमी पडत होते, हेही आठवतं. कुंपण तुमच्या बाजूला सरकवलं तेव्हा भाऊजी म्हणाले होते, ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी,’ आणि आमचे हे खरोखर अंगणात हातपाय पसरून आडवे झाले होते. तू पोट धरून हसलीस. एवढं सगळं आठवतं. कागदाचं तेवढं काही आठवत नाही.

केलाही असेल. बावीस वर्षं झाली. माझी तीन खोकी अजून बांधलेलीच आहेत, त्यांत शोधते. मिळाला तर कळवीनच.

पण एक विचारू का? रागावू नकोस. तुझ्या या अवस्थेत मोजणीच्या कचेरीत खेटे घालायचे, वकील करायचा, आणि कशासाठी, तर साडेतीन फुटांसाठी. थोरला तुझ्यासाठी खाली खोली काढतोय ती चांगलीच गोष्ट आहे, पण ती समोरच्या बाजूला नाही का काढता येणार? पोरगा चांगला आहे गं तो. मागच्या खोलीत त्याने काचा घासायचं मशीन बसवलंय, त्यावर त्यांचं पोट आहे. सुनावणी एकवीस तारखेला आहे असं कळलं. तोवर दोन्ही बाजूंनी जरा शांतपणे घ्यावं, असं मला आपलं वाटतं.

गुडघ्याखाली उशी घेत जा.

तुझी,
पलीकडची

ता. क. बाल्कनीत एक मोगऱ्याची कुंडी ठेवली आहे. अजून तरी जिवंत आहे.


१५ मार्च, शनिवार

प्रिय,

याच्यापुढचा शब्द लिहायला मी आज धजत नाही. का, ते खाली येईल.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मला वाटलं होतं चार पानं शिव्या असतील. चार ओळी होत्या. ‘कागद मिळाला नाही तर जीवाला लावून घेऊ नकोस. माझ्याकडे असता तर तो पहिल्याच पावसाळ्यात हरवला असता, म्हणून तर तुझ्याकडे ठेवला. वकील म्हणाला विकणारी बाई खोटं बोलतेय, त्याला मी सांगितलं ती लबाड नाही, वय झालंय, विसरली असेल. रक्तदाबाची गोळी सकाळचीच घे, रात्रीवर ढकलू नकोस.’

ते पत्र मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं, मग कपाटात ठेवलं, मग पुन्हा टेबलावर आणलं. मग मी तुला लिहिलेलं पत्र आठवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई मी शाळेत खिडकीपलीकडे पुष्कळ पाहिली होती. या वेळी ती खिडकीच्या अलीकडे होती.

कागद हरवलेला नाही. त्याची नक्कल माझ्यासमोर आहे. तो कधीच हरवला नव्हता, आणि मी तो विसरलेही नव्हते. फोन आला तेव्हा गॅसवर दूधसुद्धा नव्हतं.

आता सगळं सांगते, मला सोपं पडेल तसं नाही, घडलं तसं.

कागद कसा झाला ते तुला आठवतच असेल, तरी लिहिते, कारण आठवत नाही म्हणाले ते मी. तुमच्या स्वयंपाकघरात झाला. मीच हट्ट धरला होता. तू म्हणालीस, आपल्यात कागद कसला? मी म्हटलं, बाई, मी इतकी वर्षं फॉर्म भरून घेते, कागद नसला की सख्खी भावंडंही एकमेकांना ओळखत नाहीत. शाळेच्या वहीचं पान फाडून मी लिहिलं: ‘आमच्या मागच्या खोलीसाठी पलीकडच्यांच्या जागेतील साडेतीन फूट रुंदीची पट्टी आम्ही वापरायला घेतली आहे. जागा त्यांचीच आहे. त्यांना गरज लागेल तेव्हा, किंवा हे घर विकण्याच्या आधी, ती परत करू.’ चौघांच्या सह्या. मग तू म्हणालीस, थांब, माझी एक अट घाल. आणि पेन माझ्या हातातून घेऊन तुझ्या त्या औषधाच्या चिठ्ठीसारख्या अक्षरात खाली लिहिलंस: ‘या जागेवरून आपल्यात कधीही वाद होणार नाही.’

मी म्हटलं, दोन प्रती करू. तू म्हणालीस, एकच पुरे, तुझ्याकडे ठेव, तू कागदाची माणूस.

त्यानंतर चार वर्षं तू माझ्या सासूला कुशीवर वळवलंस. ड्यूटीवरून आलीस की आधी माझ्या मागच्या दाराने आत, मग तुझ्या घरी. त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. त्या गेल्यावर मी म्हटलं, आता खोली पाडून तुझी जागा देते. तू म्हणालीस, राहू दे, उभी भिंत पाडून काय मिळणार, मला कुठे लागतेय? ती राहिली ती राहिलीच.

मग हे गेले. मग लेक म्हणायला लागली, एकटी राहू नकोस. मग चष्मेवाला आणि त्याची बायको घर बघायला आले. तिने मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाली, इथे मशीन बसेल. त्यांच्या तोंडावर जो उजेड पडला, तो मी बघितला.

एजंटने मला एक फॉर्म आणून दिला. विकणाऱ्याचं निवेदन, दोन पानी. गळती आहे का, वाळवी आहे का, कुणाची थकबाकी आहे का. मला तो फॉर्म आवडला होता, हे तुला सांगायला लाज वाटते. आखीव, स्वच्छ. आपल्या धंद्यातलं काहीतरी खूप दिवसांनी हातात आल्यासारखं वाटलं. सातवा प्रश्न होता: ‘शेजाऱ्यांशी हद्दीबाबत काही वाद आहे किंवा होता काय?’

मी एजंटला विचारलं, हद्दीबद्दल शेजाऱ्यांशी केलेला एक जुना घरगुती कागद आहे, ते लिहायचं का? तो म्हणाला, ‘आजी, भांडण झालंय का कधी?’ म्हटलं, छे, उलट. ‘मग वाद नाही. उगाच लिहाल आणि बँक कर्ज अडवेल. मग ही पोरं गेली, दुसरं गिऱ्हाईक शोधा.’

मुलांना आणि पालकांना मी जन्मभर एकच गोष्ट शिकवली, तुला माझी नक्कल करून दाखवायला फार आवडायचं: ‘विचारलं तेवढंच लिहा. जास्तीचं लिहिलं की फॉर्म परत येतो.’ वाद आहे का? नाही. तुझ्याच हातचं माझ्याजवळ लेखी होतं, की वाद कधीही होणार नाही. तुझ्या त्या एका ओळीच्या आड मी लपले. तू दिलेला शब्द मी तुझ्याच विरुद्ध वापरला आणि लिहिलं, ‘नाही.’ सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता.

एजंटला दोष द्यायचा मोह होतो. पण पेन माझ्या हातात होतं. आणि कागद त्याच फायलीत होता, घरपट्टीच्या पावत्यांच्या मागे. मी तो काढला आणि सासूबाईंच्या जुन्या दवाखान्याच्या कागदांत नेऊन ठेवला. विसरणारी बाई असं करत नाही. मला घर विकायचं होतं, लेकीजवळ जायचं होतं, आणि तुला साडेतीन फूट कधीच लागणार नाहीत अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तू पडशील, तुलाही जिना चढता येणार नाही, तुलाही खाली खोली लागेल, तीत न्हाणीघर बसवायचं असेल आणि तिथेही साडेतीनच फूट कमी पडतील, हे माझ्या मनातही आलं नाही. सासूबाईंसाठी तू कुंपण सरकवलंस. तुझ्यासाठी मी काय केलं, तर पत्र लिहून विचारलं, समोरच्या बाजूला नाही का काढता येणार. ते वाक्य मी परत घेते. समोरच्या बाजूला तुझा पाण्याचा हौद आहे. बत्तीस वर्षं तो बघितला आणि लिहिताना मला तो दिसला नाही.

फोनवर तो ‘झाला होता का’ म्हणाला, तेव्हा ‘हो’ म्हणायला किती वेळ लागला असता? पण ‘हो’ म्हटलं की सातव्या प्रश्नाचं उत्तर खोटं ठरतं, आणि मग तो माझ्याकडे भरपाई मागू शकतो, हे शब्द ओठांवर यायच्या आधीच माझ्या डोक्यात पोचलं होतं. मग कळलं तू तिथेच होतीस. मग कळलं की तू त्यांना आपला धुण्याचा दगड थोरल्याकडून उलटा करवून दाखवलास, त्यावरची हद्दीची फुली दाखवलीस, आणि त्यांचा वकील म्हणाला की दगड कुणीही कुठूनही आणावा, फुली कुणीही कोरावी. तुझ्या तोंडावर म्हणाला. कुंपण सरकवताना तो दगड हद्दीवरून उपटून नळाखाली आणणारे आमचे हे. त्यावर इतकी वर्षं धुणं धुणारी मी. आणि खोटी ठरलीस तू.

मंगळवारी संध्याकाळी लेक आली तेव्हा तिला कागद दाखवला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, ‘आई, हे आता कशाला बाहेर काढतेस? ते तुझ्यावर दावा लावतील. ही जागा जाईल तुझी.’ म्हटलं, जाईल कदाचित. ती म्हणाली, ‘मग माझ्याकडे येऊन राहशील, माझ्या नवऱ्याचे टोमणे ऐकशील?’ म्हटलं, ऐकीन, तो विनोदी बोलतो. तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘पलीकडच्या मावशींनी माझी काविळीत चार आठवडे सेवा केली होती. मला आधी का नाही सांगितलंस?’ आधी सांगितलं असतं तर तिने आधीच लिहायला लावलं असतं, हेच त्याचं उत्तर.

बुधवारी चष्मेवाल्याच्या दुकानात गेले. फोन करून सांगता आलं असतं, पण फोनवर मी काय बोलते ते आता मला माहीत झालंय. दुकानात एक बाई फ्रेम लावून लावून आरशात बघत होती, ती जाईपर्यंत मी स्टुलावर बसले. तो हसून म्हणाला, ‘मावशी, चष्म्याचा नंबर वाढला की काय?’ घर घेतल्यावर त्याने मला वाचायचा चष्मा करून दिला होता, भेट म्हणून. तोच लावून मी ही नक्कल वाचते, तोच लावून तुला लिहितेय.

मी कागद त्याच्या काउंटरवर ठेवला. त्याने वाचला. स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, ‘त्या फॉर्मवर शेवटचा एक प्रश्न होता मावशी. आठवतो?’

आठवतो. ‘खरेदीदारास माहीत असावी अशी अन्य कोणतीही बाब.’

‘तुम्ही तिथे लिहिलं होतं, मधल्या खोलीच्या खिडकीची कडी उन्हाळ्यात अडकते, जरा उचलून सरकवावी. आम्ही दोघं ते वाचून हसलो होतो. हिला म्हटलं, बघ किती सरळ बाई, कडीसुद्धा लपवली नाही. त्या आजी जागेचं बोलल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, जी बाई कडी लपवत नाही ती खोली लपवेल का? मी त्यांना खोटारड्या म्हणालो, मावशी. माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत त्या.’

म्हणजे सातव्या प्रश्नाच्या शब्दात मी लपले होते, पण शेवटच्या प्रश्नात लपायला जागाच नव्हती, आणि तिथे मी कडी लिहिली. ती कडी लिहिताना मला किती समाधान वाटलं होतं ते मला आठवतं. मी माझ्या प्रामाणिकपणावर खूश झाले होते गं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते, खोटं लिहिलं त्याच्यापेक्षाही.

मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘माझं मशीन मी कुठे नेऊ, सांगा.’ आतून त्याची बायको आली, तिने कागद वाचला, आणि मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले, कारण न पिणं बरं दिसलं नसतं. निघताना तो म्हणाला की त्यांचं नुकसान ते माझ्याकडे मागणार. म्हटलं, मागायलाच हवं, मी तसं लिहून देते. तो म्हणाला, ‘आता तुमच्या लिहून देण्याचं काय करू?’ बरोबर बोलला. मी दार ओढून घेतलं आणि बसस्टॉपपर्यंत चालत आले. बस आली, तिच्यात चढायचं मी विसरले, दुसरी घेतली.

काल मोजणीच्या कचेरीत गेले. मूळ कागद त्यांच्याकडे जमा केला, पावती घेतली, ती सोबत जोडते. नीट ठेव. नाही, तू हरवशील, थोरल्याकडे दे. माझ्याकडे काही ठेवू नकोस आता. सोबत नक्कलही आहे, तुला तुझं अक्षर बघायचं असेल तर. जमा करण्याआधी मी तो एकदा पुन्हा वाचला. तुझ्या ओळीवर तेलाचा डाग आहे. त्या दिवशी तू काहीतरी तळत होतीस आणि मधेच हात न पुसता पेन घेतलं होतंस.

तिथल्या खिडकीत एक पोरगी बसते, केस वर बांधलेली, पेन कानावर. ती म्हणाली, एकवीस तारखेला तुम्हाला समक्ष यावं लागेल, आणि आधी हा जबाबाचा फॉर्म भरा. मी बाकावर बसून भरला. नाव, वय, पत्ता, पूर्वीचा व्यवसाय. हकिगत लिहायला दहा ओळी होत्या, मी पुरवणी कागद मागून घेतला. या वेळी विचारलं त्याहून जास्त लिहिलं. कडी सोडून सगळं.

फॉर्म दिल्यावर पोरीने वरून खाली बोट फिरवलं, अगदी मी फिरवायची तसंच. म्हणाली, ‘आजी, एक रकाना राहिलाय तुमचा.’

एकतीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवलं. रिकाम्या रकान्याचा फॉर्म मी एकदाही घेतला नाही. एक आजोबा आईच्या नावाचा रकाना भरेनात, त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांनाही मी घरी पाठवलं होतं विचारून या म्हणून. तू ते ऐकून माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस.

रकाना होता, ‘अर्जदाराशी नाते.’ अर्जदार तू.

पोरीने मदत करायला म्हणून विचारलं, ‘शेजारी ना तुम्ही?’ म्हटलं, आता नाही. ‘मग मैत्रीण लिहू?’ मी पेनला टोपण लावलं. मागे रांग होती, ती तरी काय करणार? तिने पेन्सिलने बारीक खूण केली आणि म्हणाली, सुनावणीच्या दिवशी भरा, पण भरावा लागेल, नाहीतर फॉर्म पुढे जाणार नाही.

तर एकवीस तारखेला मी येतेय. सकाळची पहिली बस धरीन. तुझ्या बाजूने उभी राहायला येतेय असं म्हणत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. जे झालं ते मोठ्याने सांगायला येतेय, चष्मेवाल्यासमोर, त्याच्या वकिलासमोर आणि तुझ्यासमोर. तू खोटी नाहीस हे ज्यांनी ज्यांनी ऐकायला हवं त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मागच्या बाकावर बसून तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल. वाद होणार नाही असं तू लिहून दिलं होतंस, पण त्या पानावरचा माझा शब्द मी मोडलाय, तेव्हा तुला ते आता लागू नाही. तू हवं तेवढं भांडू शकतेस. मला तर वाटतं भांडच.

फक्त तो रकाना तू भर. पलीकडची असं लिहिलंस तर ती पोरगी विचारेल हे कसलं नातं, आणि आपल्यालाच समजावून सांगावं लागेल. काहीच नाही असं लिहिलंस तरी मी तिथे सही करीन. पेन मी आणीन.

गोळी सकाळीच घेते आहे.

तुझी,

. . . . . . . . . . . .